जवसाचा गुण

आमच्या ह्यांना काही सांगायला गेलं की ते उलट मलाच शिकवतात. नाव पुंडलिक. रोह्याच्या केमिकल कंपनीत जन्मभर शिफ्ट केली, आता रिटायर. तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, वर म्हणाले, तेलकट बंद करा. ह्यांनी तेल बंद केलं, अगदी फोडणीसुद्धा. आणि हिवाळाभर शेतावर पोपटी! वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात अंडी नि कोंबडी भाजलेली. मी ओरडले तर म्हणतात, "ह्यात तेलाचा थेंब तरी हाय का गो?" कपाळ माझं!

गोळीला तर हात लावेनात. "केमिकल नाकात गेलं तेवढं बस झालं. आता पोटात नाय घालायचं. नैसर्गिकच घेणार." मग सकाळी उपाशीपोटी लसूण, दुपारी जवसाची चटणी, संध्याकाळी अर्जुनाच्या सालीचा काढा. कुटून कुटून माझे हात मोडले. "धोतरा पण नैसर्गिकच हाय, तो देऊ का वाटून?" असं विचारलं, तर नुसते हसले.

पुढच्या रिपोर्टात आकडा आणखी चढला. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. "मला तुमच्याशिवाय जगायचं नाय, कळतंय का?" असं तोंडावर बोलले. आख्ख्या संसारात पहिल्यांदा. तेव्हा ह्यांनी हात पुढे केला. "आण ती गोळी. पण कुणाला सांगू नको."

गोळीने आकडा उतरला. आणि गावभर काय सांगत सुटले? "जवसाचा गुण!" पेणला पाहुण्यांकडे गेलो, तिथंही तेच. मी डोळे वटारले की विषय बदलायचे.

परवा शरीफा आली ती डोळे पुसतच. तिचा नवरा मन्सूर ह्यांच्याच शिफ्टमधला, दोघं एका डब्यात जेवलेले. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक येऊन गेलेला. "हौसा, ह्यांनी गोळ्या सोडल्या गो. पुंडलिकला जवसानं गुण आला म्हणतात. सकाळपासून छाती भरलीय, तरी दवाखान्याचं नाव घेत नायत. हितं आले सरळ."

बाहेर ओटीवर हे नि मन्सूरभाई चहा पीत बसले होते. मी गोळ्यांची पट्टी आणून ह्यांच्या मांडीवर टाकली. "सांगा आता, गुण कशाचा?"

ह्यांची मान खाली गेली. "गोळीचा," म्हणाले. "केमिकल खाऊ नका म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो होतो. मंग खरं सांगायची लाज वाटली रे."

मन्सूरभाईंनी ती पट्टी उचलून उलटसुलट पाहिली.

"डॉक्टरवर नव्हता तेवढा इस्वास तुझ्यावर ठेवला मी," ते म्हणाले.

शरीफाने त्यांचा दंड धरून उठवलं. हे घाईने चपला शोधायला लागले. "थांब, दवाखान्यात मी येतो बरोबर."

"तू बस," मन्सूरभाई म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून शरीफाच्या आधाराने पायऱ्या उतरले.