काट्यावरचं शून्य

वारंगा फाट्यावर वैजनाथला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तो नेमकं काय करतो हे सांगू शकेल असाही सापडायचा नाही. पुण्याची नोकरी सोडून पोरगं सात वर्षांपूर्वी घरी आलं आणि माडीवर लॅपटॉप घेऊन बसलं, एवढंच लोकांना ठाऊक. लोक त्याच्याकडे अडकलेले प्रिंटर आणून टाकत. तो निमूट दुरुस्त करून देई, कारण खरं काम समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं काम असं, की संगणकाच्या अगदी तळाशी लिनक्सचा गाभा चालतो, आणि त्या गाभ्यात, बाहेरच्या यंत्राचे आकडे संगणकात आणणाऱ्या एका जुनाट सिरियल कार्डाशी बोलणारा कोड आहे. तो सांभाळणारा जगात एकटा वैजनाथ. जर्मनी-जपानची माणसं त्याला अदबीने मेल लिहीत. घरी आई, चतुराबाई, विचारी, "आज काय केलं रं?"

"दीडशे ओळी काढून टाकल्या."

"काढल्या? आन् लिवणार कवा?"

मार्चमध्ये गाभा सांभाळणाऱ्या मंडळींचा मेल आला. हे कार्ड आता कुणी वापरत नाही, तेव्हा कोडच काढून टाकू. ठेवायचा असेल तर सुधारून द्या, आणि खऱ्या यंत्रावर तो तपासल्याचं तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने कळवा. वैजनाथचं जेवणावरून मन उडालं. सात वर्षांची मेहनत पुसली जाणार होती. सुधारणा त्याने आठवड्यात केली, पण तपासणारा मिळेना. अदबीने मेल लिहिणाऱ्यांनी आपापली कार्डं केव्हाच भंगारात दिली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. फाट्यावरच्या वजनकाट्याच्या संगणकात तेच कार्ड होतं, आणि त्या काट्यावर सव्वीस वर्षं बसत होते त्याचेच वडील, उकंडराव.

"हळदीच्या गाड्या लागल्यात," उकंडराव म्हणाले. "तुह्या शिकण्यापायी लोकायचं वजन चुकवू का?"

'शिकणं' हा शब्द वैजनाथला फार झोंबला. तरी त्याने हातापाया पडून दुपारचा एक तास मिळवला आणि नवा कोड चढवला. हळदीचा ट्रक आला, आकडा बिनचूक उमटला. ट्रक उतरून गेला. मागे ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता, पण उकंडराव हात आडवा धरून बसले.

"घ्या ना आबा गाडी. काहून थांबले?" वैजनाथने विचारलं.

"शून्य कुठंय?"

काटा रिकामा, आणि पडद्यावर गेलेल्या ट्रकचं वजन तसंच. शून्य दिसल्याशिवाय पुढची गाडी घ्यायची नाही, हा उकंडरावांचा नेम. शेवटी ट्रॅक्टरवाल्याने वैतागून पुढचं चाक काट्यावर चढवलं, तेव्हा कुठे शून्य चमकून गेलं.

कुठे चुकलं ते वैजनाथला उमगलं. संगणकावरचा भार कमी व्हावा म्हणून त्याने कार्डाला सांगितलं होतं, की येईल ते अक्षर लगेच देऊ नकोस, सोळा साठली की एकदम दे. काटा वजन बदललं तरच आकडा पाठवी; शेवटच्या शून्याने सोळा भरली नाहीत, म्हणून ट्रॅक्टरचे आकडे मागून येईपर्यंत ते आतच अडकलं. हे त्याने खाली मान घालून वडिलांना सांगितलं.

"म्हंजी काळीपिवळीवानी," उकंडराव म्हणाले. "शिटा भरल्याबिगर निघायचंच न्हाई. मंग शेवटचा गडी एकलाच असला तं?"

जगातल्या एकमेव तज्ज्ञाने पुन्हा लॅपटॉप उघडला. त्याने कोड बदलला. थोडी वाट पाहायची आणि मग असेल तेवढं देऊन टाकायचं. उकंडरावांनी पुढचे दोन दिवस चाळीस गाड्या उतरल्यावर शून्य पाहिलं, तेव्हाच मान हलवली. वैजनाथनेही लाज गिळून मेलमध्ये खरं तेच लिहिलं. दोष दाखवणारे: उकंडराव. तपासणारे: उकंडराव.

मेल गेल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कोड राहील. मात्र यापुढे त्यातला कुठलाही बदल श्री. उकंडराव यांच्या होकाराशिवाय घेतला जाणार नाही.

वैजनाथने काट्यावर जाऊन ते वाचून दाखवलं. हसावं की रडावं, त्याला कळत नव्हतं. उकंडरावांनी उभ्या ट्रकला थांबायची खूण केली, शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि सात वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "बस. आता फुडं काय बदलून राहिला, सांग."