कलिंगडाच्या शेतातली पाहणी

माझा धाकटा भाऊ जिथं बुडाला, त्या जागेची सरकारी पाहणी भर उन्हाळ्यात झाली. तोवर धरणाच्या पाण्याचा फुगवटा पार मागे हटला होता आणि त्या जागी कलिंगडं पिकली होती.

आमच्या गावाचं अर्धं शिवार फुगवट्यापलीकडे आहे. पाणी असेल तोवर माणसं, दुधाचे कॅन, शेळ्या, एखादी मोटारसायकल, सगळं एकाच होडीतून जातं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरा करतात. होडीवालाही करतो. ज्या पाण्यावर तो होडी हाकतो, त्याच्याच तळाला उन्हाळ्यात वेल लावतो. ऑक्टोबरात भाऊ त्याच्याच होडीत होता. वारं सुटलेलं, होडीत खताच्या गोण्या, आणि नको इतकी माणसं.

मी नगरला कॉलेजात शिकवते. भाऊ गेल्यावर मला दुसरं काही सुचेना, म्हणून कायदे वाचत बसले. नदी, कालवा, तलाव यांवर चालणाऱ्या नौकांसाठी आपल्या देशात नियम आहेत. नोंदणी, किती माणसं घ्यायची, तरंगती जाकिटं, सगळं आहे. ते आमच्या फुगवट्याला लागू होतात का, एवढंच मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. कारण पावसाळ्यात भावजयीला त्याच होडीतून शेतावर जावं लागणार होतं.

मी अर्जांमागून अर्ज केले तेव्हा कुठे दोन साहेब आले. एक पाण्याच्या खात्याचे, एक जमिनीच्या. दोघांनी बांधावर बूट झटकले.

"इथं पाणी कुठंय, मॅडम?" पाण्याचे साहेब म्हणाले.

"आत्ता नाही."

"मग हे शेतच झालं."

"शेतच की, सायेब," होडीवाला म्हणाला. "माजाच पेरा हाय."

"आणि होडी?"

"होडी कसली वो! घरचं टोपलं हाय. मान्सं आपली बसत्यात."

जमिनीचे साहेब खूश झाले. "बघा. पाणी नाही, होडीही नाही. नियम लावायचा कशाला?"

"ऑक्टोबरात या ना," मी म्हणाले.

"ऑक्टोबरात पाहणी कशी होईल, मॅडम? तेव्हा इथं पाणी असतं."

ते चेष्टा करत नव्हते. चेष्टेला लागते तेवढी बुद्धी त्या चेहऱ्यांवर कुठे दिसत नव्हती. मग होडीवाल्याने कलिंगड फोडलं. दोघे उकिडवे बसून, शर्टावर डाग पडू नये म्हणून माना पुढे काढून खाऊ लागले. माझ्या भावाच्या मरणाबाबत त्या दिवशी घेतली गेलेली एवढी एकच काळजी मी पाहिली. मलाही फोड दिली. मी ती गाळात ठेवली.

पावसाळा आला, फुगवटा भरला. मी पुण्याहून एक नारिंगी जाकीट आणलं आणि भावजयीला घेऊन धक्क्यावर गेले. ती जाकीट घालून होडीत बसली.

"अगं बया, सर्कशीत चाललीस व्हय?" कॅनवाली बाई म्हणाली. सगळी होडी हसली. वर्षही झालं नव्हतं, आणि यातले निम्मे भावाच्या तेराव्याला जेवून गेलेले.

होडीवाला हसला नाही. "वहिनी, ते काडून बसा, न्हाईतर उतरा. येकानं घातलं की बाकीच्यांस्नी बुडायची आटवन व्हती."

"तसा नियम आहे," मी काठावरून म्हणाले.

"कुटला, ताई? सायबांनी तर न्हाई म्हन्लं. तुमच्याम्होरंच."

त्या पाण्यावर नियम करणारा हा एकटाच होता, आणि त्याचा नियम लगेच लागू झाला. मी भावजयीला म्हणाले, "उतर. आपण वळशाच्या रस्त्याने जाऊ."

"रस्त्यानं जाऊस्तवर दुपार व्हती, वन्सं. आन् तुमची सुट्टी संपली की तुमी नगरला जाल. मला रोज ह्यांच्यासंगंच बसायचंय."

तिने पट्टे सोडले, जाकीट माझ्या हातात दिलं आणि बाकीच्यांसारखी होडीच्या काठाला धरून बसली. कॅनवालीने सरकून तिला जागा दिली.