रिकामं विमान
ताज्या वार्निशचा वास आला की नंदुरबारजवळचं आमचं कपाशीची पऱ्हाटी उपटलेलं शेत आठवतं, आणि त्यात उतरलेलं, वार्निश फासलेल्या कापडी पंखांचं छोटं विमान. युद्धाचे दिवस होते. इंजिन तापलं म्हणून पुण्याकडच्या वैमानिकाने ते तिथे टेकवलं होतं. सोबतचा गृहस्थ इतका घाबरला की पुन्हा बसेचना. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला बैलगाडीने स्टेशनवर पोचवलं आणि रिकामी गाडी घेऊन ते कंबर चोळत परतले. इंजिन निवलं तोवर वावटळी उठू लागल्या होत्या. मी वैमानिकाला विचारलं, "आता एकटेच, विमान हलकं. भरधाव जाल ना?" त्याच्याआधी आबाच म्हणाले, "नही रे! आखो धिरे जावानं. रिकामी गाडीच जास्त उसळस, आख मोडी जाई." आणखी हळू जायचं, नाहीतर गाडीचा आस मोडतो, हा त्यांचा अनुभव. वैमानिक त्यांच्याकडे वळला. "हे समजायला मला महिने लागले," तो म्हणाला. "हलक्या विमानाला वाऱ्याचा झटका जास्त बसतो. वेग आवरला नाही, तर पंख तुटतात." मग तो उडाला. वर पंख थरथरले, आणि शेजारी आबांची मूठ, हातात नसलेला बैलांचा कासरा धरल्यासारखी, हळूहळू आवळत होती, विमानाचा ठिपका विरेपर्यंत. आबा जाऊन वर्षं झाली. डोक्यावरून विमान गेलं की आता माझी मूठ आवळते.