बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक

मधूला हल्ली गाडीखाली जायचा कंटाळा यायचा. वाकणं जमायचं, पुन्हा उठणं नकोसं व्हायचं. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज. आल्या गाडीला तो कधी नाही म्हणाला नाही. हे एक काम मात्र तो सगळा उन्हाळा टाळत होता.

काम सासुरवाडीचं होतं. पाड्यावरच्या मंडळाकडे पुरात माणसं काढायला एक बोट होती. वांगणीच्या कुणा फार्महाऊसवाल्याने हौस फिटल्यावर ती ट्रेलरसकट देऊन टाकलेली. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते. पुढची जीप थांबली की ट्रेलर तिला रेटतो, आणि त्या रेट्यानेच ते लागतात. गेल्या पावसात नदीच्या उतारावर ते लागले नाहीत. मधूचा मेहुणा राजेश चाकाखाली दगड लावायला वाकला होता. चाक त्याच्या पावलावरून गेलं.

राजेश आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर उभा असायचा. आता गेटवर खुर्चीत बसतो.

ब्रेकचे पॅड मधूने बसवले होते. ट्रेलर परदेशी, त्याचे पॅड कुठे मिळेनात. मग त्याने उल्हासनगर गाठलं आणि मापाला माप लावून दुसऱ्याच गाडीचे आणले. "साईं, बिलकुल फिट बैठेगा," दुकानदार म्हणाला होता. बसलेही. पण अपघातानंतर पाड्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच झालं, की जावयाने डुप्लिकेट माल घातला. मधूलाही ते खरंच वाटत होतं. त्याची बायको अंजना भावाचा पाय बघून आली आणि त्या दिवसापासून मधूशी कामापुरतंच बोलू लागली. जेवायला वाढायची, जवळ बसायची नाही.

पावसाळा तोंडावर आला तसा राजेश स्वतःच लंगडत गॅरेजवर आला.

"दाजी, तुम्हीच करा," तो म्हणाला. "दुसऱ्याला बोलावलं तर लोक म्हणतील, जावयावर भरवसा नाय. फक्त या वेळेला ओरिजिनल आणा म्हंजे झालं."

हसून म्हणाला, पण म्हणाला. मधूने ओळखीपाळखी काढून परदेशातून पॅड मागवले आणि रविवारी पाड्यावर गेला.

बोट मांडवाखाली होती. शेजारी बाजेवर त्याचे सासरे, देऊमामा. शेती अर्धलीने दिल्यापासून म्हाताऱ्याच्या हाताला काम राहिलं नव्हतं. दिवसभर पडून असायचा. बोट आली आणि तो उठून बसला. तिला धुणं, पुसणं, झाकणं, सगळं त्याच्याकडे. पोरं त्याला बोटवाला म्हणत, आणि ते त्याला आवडायचं.

मधूने जॅक लावला, चाक काढलं, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सोडवले. जुने पॅड ओढून हातात घेतले. झिजून मागच्या पत्र्याला आले असतील अशी त्याची खात्री होती. ते चांगले जाड होते. फक्त तोंडाशी काळे पडले होते, काचेसारखे गुळगुळीत. त्याने ते नाकाशी नेले. जळकट, कडू वास. करंजाचं तेल.

पॅड जिला दोन्हीकडून धरतात त्या लोखंडी चकतीकडे त्याने बघितलं. पाण्यात बुडणारी वस्तू, आणि तिच्यावर गंजाचा ठिपका नाही.

या घरात सुगी संपली की विळे-कोयते करंजाच्या तेलात पुसून माळ्यावर जातात. ओलं झालेलं लोखंड तेलाशिवाय ठेवायचं नसतं. ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

"मामा, हिला तेल कोण लावतं?"

"मीच. पाण्यातनं आली का हर वेळेला. काडीला चिंधी बांधून फटीतनं लावतो. बघ ना, कुठं गंज हाय?"

मधू तिथेच मातीत बसला. आता एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोललं की वर्षभराचं ओझं उतरणार होतं. पाड्यावरचं, राजेशसमोरचं आणि घरातलं. घरातलं आधी. अंजना काय म्हणेल, कशी जवळ येऊन बसेल, तेही त्याला दिसलं.

तो बोलला नाही. पेट्रोलच्या फडक्याने चकती पुसली, पॉलिश पेपरने घासली. पॅडला रेटणारा पिस्टन क्लॅम्पने मागे दाबला. नवे पॅड सरकवले, बोल्ट आवळले. मग दुसरं चाक. तेल राहू देऊन मात्र चालणार नव्हतं. ते सांगावंच लागणार होतं.

"मामा, बाकी सगळ्या लोखंडाला लावा. या चकतीला नको. पॅडने हिला धरायचं असतं. तेल असलं की सुटते."

"गंजंल ना."

"गंजू दे. ब्रेक लागला की तेवढा गंज निघून जातो."

देऊमामाने चकतीवर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला.

"मंग राजूचा पाय..." एवढंच म्हणाला.

मधू हात पुसत होता. हातांना पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी पुसत होता.

"पॅडच हलके होते, मामा. चुकलं माझं."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. पटलं की नाही, मधूला कळेना. मग तो हळूच म्हणाला, "अंजूला सांगू नको, मी तेल लावायचो म्हणून. वरडंल मला."

"नाही सांगत."

चाकं चढवून त्यांनी उतारावर ब्रेक बघितले. जीप राजेशने चालवली. चाकाशी दगड घेऊन मधू उभा राहिला. दुसऱ्या कुणाला त्याने जवळ येऊ दिलं नाही. दगड लावावा लागला नाही. ट्रेलर जागच्या जागी थांबला.

"बघा दाजी," राजेश खिडकीतून म्हणाला, "ओरिजिनल तो ओरिजिनल."

मधूने मान हलवली.

रात्री अंजनाने ताट वाढलं आणि ब्रेक लागले का विचारलं. लागले, तो म्हणाला. ती भाताचं भांडं हातात धरून उभीच राहिली.

"मग तेव्हाच का नाही आणले हे?"

"तेव्हा सुचलं नाही," मधू म्हणाला, आणि भातासाठी ताट पुढे सरकवलं.