कुंकवाचं बोलावणं

“ठराव झालाय, आता रोजच्या भाड्याने फ्लॅट द्यायचे नाहीत. आता माणसं येतील राहायला,” शेजारच्या सावंतकाकू जिन्यात वॉचमनला सांगत होत्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी होती.

समुद्रालगतच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर जुन्या शेजाऱ्यांनी विकलेल्या दोन-तीन फ्लॅटच्या दारांना नंबरांची कुलपं आहेत. पर्यटक यायचे, ओल्या चपलांचे ठसे ठेवून जायचे. आता तेही नाहीत. ठरावाने पाहुणे यायचे थांबतात. शेजारी कुठून आणायचे? काकूंनी तरीही बोलावण्यासाठी एकेक बेल वाजवली, जरा वेळ वाट पाहिली. शेवटी माझ्या कपाळाला कुंकू लावून म्हणाल्या, “आईला पाठव गं संध्याकाळी. तुम्ही आहात म्हणून हा मजला आहे.”

कितीतरी दिवस गिळलेलं वाक्य मी अखेर बोलले, “काकू, आम्हीपण फ्लॅट विकलाय.”