वामेच्या गळाची गाठ

थंडी पडली की आमच्या शिवडीच्या किनाऱ्यावर वामेची तयारी सुरू व्हायची. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा, तोंडात दातांची करवत. जाळं फाडते, म्हणून तिला गळ लावायचा. लांब दोरीला वाव-वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढ्या, अंतरावर सुताचे फुटवे बांधायचे, प्रत्येक फुटव्याच्या टोकाला एक गळ. सगळी दोरी टोपलीत वेटोळी करून गळ काठावर ओळीने टोचून ठेवायचे. ती टोपली ज्याच्या हाती, त्याचा होडीत मान.

माझा बाप वीस हिवाळे त्या टोपलीशी बसला. शेवटच्या वर्षी त्याची बोटं थरथरू लागली. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, होडीच्या तांडेलाला सगळ्यांदेखत म्हणाला, “काकाच्या गाठीला वाम नाय, नुसता समुद्र लागतो.” सगळे हसले. तांडेलही हसला. त्याने बापाला पाणी उपसायला बसवलं आणि टोपली चुलतभावाला दिली. बाप पुढच्या पावसाळ्यात तापाने गेला. अंथरुणात पडल्या पडल्या बोटांनी हवेत गाठी मारायचा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पुढचं तर नाहीच नाही.

माझी बोटं बापावर गेलेली, म्हणून बाप गेल्यानंतरच्या हिवाळ्यात फुटव्यांचं काम तांडेलाने मला दिलं. सुताला पीळ द्यायचा आणि ऐनाच्या सालीच्या काढ्यात तीन दिवस मुरवायचं. रोज उन्हात वाळवून पुन्हा बुडवायचं. नाहीतर खाऱ्या पाण्यात सूत कुजतं. रंग पहिल्याच बुडीला येतो, टिकाऊपणा तिसरीला.

मी एकदाच बुडवलं.

चुलतभावाने फुटवे बोटांत फिरवून पाहिले. “झ्याक जमलंय. बापापरीस बरा निघालास रं.” मी मान डोलावली. गळाची गाठ मात्र ज्याची टोपली त्यानेच मारायची, ही आमची रीत. कुजकं सूत तुटतं तेही गाठीपाशीच. हे मला ठाऊक होतं.

आमिषात मी कसूर केली नाही. ताजी माकुलं सोलून त्यांच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि गळाचं टोक दिसू नये म्हणून प्रत्येक पट्टी दोनदा ओवली. वामा याव्यात, भरपूर याव्यात, आणि त्याच्या हातातून जाव्यात, एवढंच मनात होतं.

पहिला पंधरवडा नीट गेला. मग एकेक गळ गाठीपासून निखळू लागला. वाम पाण्यावर दिसायची, अंग वळवायची आणि गळ घेऊन जायची. तांडेलाने दोन दिवस निसटलेल्या वामा मोजल्या. तिसऱ्या दिवशी चुलतभावाला म्हणाला, “काका बरा होता की रं तुझ्यापरीस. जा, पाणी उपस.”

टोपली माझ्याकडे आली. तीन दिवस मुरवलेले फुटवे मी आधीच वेगळे करून ठेवले होते. बापाच्या जागी बसून चुलतभावाची वाकलेली पाठ पाहिली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. बाप गेल्यापासून तसा जेवलो नव्हतो.

एका दुपारी तो आमच्या पडवीत आला. हातात एक गळ. माझ्या चांगल्या गड्डीतला एक फुटवा मागून घेतला आणि खाली मान घालून म्हणाला, “काकाची गाठ दाखव.” मी दाखवली. त्याने दोन-तीनदा चुकून चौथ्यांदा मारली.

“बघ, धरते का?”

मी गळ दाराच्या कडीत अडकवला, भिंतीला पाय लावला आणि जोर करून ओढलं. गाठ जागची हलली नाही. माझ्या गाठीहून चांगली होती. तसं म्हटलं असतं, तर तो तांडेलाला दाखवायला गेला असता.

“नाय रं,” मी म्हणालो. “सुटेल.”

त्याने गाठ सोडवली, सूत सरळ केलं आणि पुन्हा सुरुवात केली. होळीपर्यंत तो येत राहिला. मी दर वेळी गाठ ओढून पाहिली आणि दर वेळी तेच सांगितलं. पुढच्या थंडीत तो होडीवर आला नाही, गिरणीत लागला. जाताना आपली गळांची पिशवी मला देऊन गेला.

सुताचं पाप मी बापाच्या नावावर ढकलतो. पडवीतलं ढकलायला कोणी नाही.