बशीएवढी रेकॉर्ड

दक्षिणेत, चेन्नईच्या अण्णा नगरात मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करायचे, ते साताऱ्याकडचे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात साहेब होते. घरी आले की आधी हात धुवायचे, मग बशीएवढी एक काळी रेकॉर्ड दोन तळव्यांत धरून प्लेयरवर ठेवायचे. परदेशातल्या कुठल्या चार पोरांनी ती स्वतःच काढलेली. "मावशी, हे गाणं कोणालाच माहीत नाही," असं हळूच सांगायचे, जसं काही शेजारच्या खोलीत कोणी निजलंय. त्यात एक मुलगी गायची. शब्द कळत नसत, पण ती गायला लागली की माझं लाटणं थांबायचं.

एका रविवारी त्यांचे मित्र जेवायला आले. एकाने ती रेकॉर्ड लावली, पण वेगाचा खटका मोठ्या रेकॉर्डच्या हळू वेगावरच राहिला होता. मुलीचा आवाज रेड्यासारखा जड निघाला.

"हिला सांबार जास्त झालंय रे," तो म्हणाला. सगळे हसले.

खटका चुकलाय हे मला स्वयंपाकघरात कळलं, मग साहेबांना कळलंच असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होते.

"कोणीतरी गळ्यात मारली. काढ ती," म्हणाले.

मी खाली मान घालून पोळ्या वाढल्या.

सोमवारी त्यांनी खटका नीट केला, रेकॉर्ड पुसली आणि म्हणाले, "मावशी, बाहेरचं दार लावून घ्या."

मी लावलं. त्यांचा फार राग आला होता, पण तो गिळला. खटका चुकलाय हे माहीत असून गप्प तर मीही राहिले होते.